खेळ कोणाचा, यंत्र कोणाचे?

शाळेच्या संगणक-कक्षात मुले खेळ खेळताना सापडली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. ‘अभ्यास सोडून हे काय चालले आहे?’ हा प्रश्न ठरलेला. पण संगणकाच्या इतिहासात खेळाने काही फार गंभीर कामे केली आहेत. संगणक नेमका कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा केला तो खेळानेच.

आधी एक घरचाच अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाळेने गणिती खेळांची एक तबकडी विकत घेतली होती. अपूर्णांकांचे तुकडे जुळवायचे, समांतर रेषांमधून होडी न्यायची, असे सोपे पण कल्पक खेळ. मुलांना ते फार आवडत. पुढे संगणक बदलले, त्यांच्यावरचे विंडोजही बदलले आणि तबकडी चालेनाशी झाली. चौकशी केली तर ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तबकडीवर ओरखडा नव्हता, पैसे आम्ही भरलेले होते, खेळ त्या तबकडीत जसाच्या तसा होता. तरी तो आमच्या उपयोगाचा उरला नव्हता. मग आम्ही विकत घेतले होते ते नेमके काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

दोन जुने खेळ

१९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमध्ये, पीडीपी-१ नावाचा एक संगणक होता. किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर. त्याला गोल पडदा जोडलेला होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. पडद्यावर दोन याने एकमेकांवर मारा करीत फिरत. खेळ कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात साठवलेला असे आणि त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येई. त्यामुळे एक गंमत झाली. पीटर सॅमसनला पडद्यावर वाटेल तसे विखुरलेले ठिपके पटेनात. त्याने खऱ्या आकाशातील ताऱ्यांचा नकाशा त्यात घातला. डॅन एडवर्ड्सने मध्यभागी एक तारा ठेवला आणि त्याचे गुरुत्वाकर्षण यानांना लागू केले. खेळ एकाने सुरू केला, चांगला मात्र अनेकांनी केला. फितींच्या नकला इतर प्रयोगशाळांमध्ये गेल्या, आणि संगणक बनवणारी डिजिटल कंपनीही आपले यंत्र नीट चालते की नाही हे तपासायला हाच खेळ वापरू लागली.

दुसरी गोष्ट १९६९ सालची, बेल प्रयोगशाळेतली. केन थॉम्पसन यांनी ‘स्पेस ट्रॅव्हल’ नावाचा खेळ लिहिला होता. त्यात सूर्यमालेतील ग्रह-उपग्रहांची गती दाखवलेली असे आणि खेळणाऱ्याने आपले यान त्यांच्यावर उतरवायचे. हा खेळ मोठ्या सामायिक संगणकावर चाले. चित्र अडखळत सरके आणि एका डावासाठी संगणकाच्या वेळेचा खर्च सुमारे ७५ डॉलर येई! थॉम्पसन यांना प्रयोगशाळेत फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ हा छोटा संगणक सापडला. डेनिस रिची यांच्या मदतीने त्यांनी खेळ त्यावर नव्याने लिहिला. या खटाटोपात दोघांना त्या यंत्राची चांगली ओळख झाली. थोड्याच काळात थॉम्पसन यांनी त्याच यंत्रावर फायली सांभाळण्याची आपली नवी योजना उतरवली आणि त्यातून ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली जन्माला आली.

कार्यप्रणाली म्हणजे काय? कळफलक, पडदा, स्मृती, साठवण या सगळ्यांची व्यवस्था पाहणारी आणि इतर आज्ञावलींना त्या वापरू देणारी मूळ आज्ञावली. आपण संगणकाशी बोलतो तेव्हा खरे तर आधी तिच्याशी बोलतो. म्हणून ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात यंत्र.

संहिता कपाटात जाते

नाटकाचा प्रयोग पाहणे वेगळे आणि नाटकाची संहिता हातात असणे वेगळे. संहिता असली की तालमीत संवाद बदलता येतो, चूक दुरुस्त करता येते, गावच्या मंडळाला नाटक बसवता येते. आज्ञावलीचेही तसेच आहे. माणसाने लिहिलेली, माणसाला वाचता येणारी ती मूळ संहिता. यंत्राला चालवण्यासाठी तिचे आकड्यांत रूपांतर केले जाते. हे रूपांतर म्हणजे प्रयोग. ते चालवता येते, पण वाचून समजणे आणि बदलणे जवळजवळ अशक्य असते.

सुरुवातीला संहिता सहज मिळत असे. बेल प्रयोगशाळा ज्या एटी अँड टी कंपनीची होती, तिला १९५६ सालच्या एका कायदेशीर तडजोडीमुळे संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, संहितेसह मिळाले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी १९७७ साली ती संपूर्ण संहिता आणि तिच्यावरचे भाष्य अशी पुस्तिका विद्यार्थ्यांसाठी तयार केली. खरी चालती कार्यप्रणाली ओळीनओळ वर्गात वाचायची! शिक्षकाला याहून काय हवे? परंतु १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून परवान्याच्या अटी बदलल्या आणि संहिता वर्गात शिकवण्यास मनाई झाली. लायन्स यांची पुस्तिका त्यानंतर छायाप्रतींच्या छायाप्रती होत हातोहात फिरत राहिली. ती रीतसर छापली गेली थेट १९९६ साली.

याच सुमारास एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांना असाच अनुभव आला. त्यांच्या प्रयोगशाळेला भेट मिळालेल्या नव्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी कागद अडकल्याची सूचना देण्याची सोय केली होती. नव्या यंत्राची संहिताच मिळेना. ती ज्यांच्याकडे होती त्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने ‘कोणालाही न देण्याचा करार केला आहे’ असे सांगून नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना तयार केला. त्याचे सार असे: ही संहिता वाचा, वापरा, बदला, वाटा. मात्र पुढे द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या.

वर्गात शिकवायला संहिता हवी, या गरजेतून नेदरलँड्समधील अँड्र्यू टॅनेनबाउम या प्राध्यापकांनी १९८७ साली ‘मिनिक्स’ ही छोटी कार्यप्रणाली लिहिली. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जानेवारी १९९१ मध्ये नवा संगणक घेतला आणि मिनिक्सच्या तबकड्यांची वाट पाहण्याचे दिवस त्याने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ खेळण्यात घालवले. ऑगस्टमध्ये त्याने आपण स्वतःच एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तीच ‘लिनक्स’. १९९२ साली तिला जीपीएल परवाना लागू झाला. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा मिळून संपूर्ण खुली कार्यप्रणाली तयार झाली. शिक्षकाच्या गरजेतून निघालेली वाट अशी जगभर गेली.

खेळ का अडतात?

लिनक्सवर पत्रे लिहिता येऊ लागली, गणिते करता येऊ लागली, मोठमोठे संगणक चालू लागले. अडले ते खेळांवर. दुकानातला खेळ विंडोजसाठी असे आणि लिनक्सवर तो सुरूच होत नसे. असे का?

समजा, एका माणसाला एकाच कचेरीची सवय आहे. तिथले अर्जांचे नमुने आणि त्यांचे क्रमांक त्याला पाठ आहेत. तो दुसऱ्या कचेरीत गेला. कामे तीच, पण नमुने वेगळे. त्याचा अर्ज खिडकीतूनच परत येईल. आज्ञावलीचे असेच होते. ‘ही फाइल उघड’, ‘इथे त्रिकोण काढ’, ‘हा आवाज वाजव’ अशा मागण्या ती कार्यप्रणालीकडे ठरावीक नावांनी करते. विंडोजमधील नावे वेगळी, लिनक्समधील वेगळी. खेळांचा वेग आणि चित्रे यांसाठी मायक्रोसॉफ्टने १९९५ साली ‘डायरेक्टएक्स’ हा नमुन्यांचा खास संच आणला. बहुतेक खेळ त्यावर बेतले गेले आणि विंडोजशी बांधले गेले. पुष्कळ मुलांच्या घरी विंडोज असण्याचे एक मोठे कारण हे खेळच होते.

ही गाठ सोडवण्याचे तीन प्रयत्न झाले.

पहिला मार्ग संहिता खुली करण्याचा. डिसेंबर १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअर या कंपनीचा ‘डूम’ हा खेळ आला. पुढच्याच वर्षी कंपनीतील डेव्ह टेलर यांनी तो लिनक्सवर आणला. १९९७ च्या डिसेंबरात कंपनीचे जॉन कारमॅक यांनी डूमची संहिता प्रसिद्ध केली आणि १९९९ साली ती जीपीएल परवान्याखाली आली. यात एक बारकावा आहे. खुली झाली ती खेळ चालवणारी आज्ञावली. त्यातील चित्रे, नकाशे आणि आवाज कंपनीचेच राहिले. तरीही परिणाम पाहा. त्या काळचे असंख्य खेळ आज जुन्या यंत्रांबरोबर मूक झाले आहेत, पण डूम नव्या प्रत्येक यंत्रावर चालतो. हौशी लोकांनी तो गणकयंत्रांवरसुद्धा चालवून दाखवला. संहिता हातात असेल तर खेळ यंत्राबरोबर मरत नाही.

दुसरा मार्ग विकत देण्याचा. १९९८ साली अमेरिकेत ‘लोकी’ ही कंपनी निघाली. इतरांचे खेळ परवानगीने घ्यायचे, लिनक्ससाठी नव्याने बांधायचे आणि विकायचे. काम उत्तम होते, गिऱ्हाईक पुरेसे नव्हते. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद पडली. पण तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेले ‘एसडीएल’ हे साधन मागे राहिले. एकच खेळ अनेक कार्यप्रणालींवर नेणे त्यामुळे सोपे होते. ते खुले असल्याने कंपनीबरोबर बुडाले नाही आणि आजही असंख्य खेळांत वापरले जाते.

तिसरा मार्ग सर्वांत चिकाटीचा.

‘वाइन’ची चिकाटी

१९९३ साली काही जणांनी ठरवले की लिनक्सच्या कचेरीत एक वेगळी खिडकी उघडायची. तिथे विंडोजचेच नमुने स्वीकारायचे आणि काम मात्र लिनक्सकडून करून घ्यायचे. या प्रकल्पाचे नाव ‘वाइन’. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. इथे एका यंत्रात दुसऱ्या यंत्राचे सोंग आणायचे नसते. बेरीज-वजाबाकी करणारा प्रक्रियक दोन्हीकडे तोच असतो. बदलायच्या असतात त्या फक्त कार्यप्रणालीकडे केलेल्या मागण्या. म्हणून खेळ फारसा मंदावत नाही.

पण विंडोजची संहिता तर बंद! मग तिचे वागणे कळायचे कसे? विज्ञान-शिक्षकांनी या ठिकाणी जरूर थांबावे. बंद पेटीचा प्रयोग आपण वर्गात करतो. पेटी न उघडता, ती हलवून, तिरपी करून, आवाज ऐकून आत काय आहे याचा अंदाज बांधायचा. वाइनचे लोक हेच करीत आले. छापील माहिती वाचायची, छोटी चाचणी-आज्ञावली लिहायची, ती खऱ्या विंडोजवर चालवून काय उत्तर येते ते नोंदवायचे, तसेच उत्तर देणारी आपली संहिता स्वतंत्रपणे लिहायची आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहायची. कधी कधी विंडोजमध्ये चूक असे. मग ती चूकही हुबेहूब उतरवावी लागे, कारण एखादा खेळ नेमका त्या चुकीवरच अवलंबून असे. वाइनची पहिली पूर्ण आवृत्ती १.० प्रसिद्ध झाली जून २००८ मध्ये. सुरुवातीपासून पंधरा वर्षांनी!

यानंतर गोष्टीला एक वळण मिळाले. गेब न्यूवेल हे पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये होते. डूम विंडोज-९५ वर आणण्याचे काम त्यांच्याच पुढाकाराने झाले. नंतर त्यांनी ‘व्हॉल्व्ह’ ही खेळांची कंपनी काढली आणि २००३ साली ‘स्टीम’ हे खेळविक्रीचे दालन सुरू केले. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज-८ मध्ये स्वतःचेच दुकान घातले, तेव्हा न्यूवेल यांनी विंडोज-८ हे अरिष्ट ठरेल असे जाहीरपणे म्हटले. त्यांची भीती उघड होती. दुसऱ्याच्या जमिनीवर आपले दुकान, आणि मालकाने स्वतःचे दुकान काढले. उद्या त्याने वाट अडवली तर?

फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ साली लिनक्सवर चालणारी खास खेळयंत्रे बाजारात आली, पण चालली नाहीत, कारण त्यांच्यासाठी खेळच थोडे होते. मग कंपनी वाइनकडे वळली. २०१८ च्या सुरुवातीला फिलिप रेबोले या जर्मन तरुणाने ‘डीएक्सव्हीके’ हे साधन प्रसिद्ध केले होते. त्याला त्याचा आवडता एक खेळ लिनक्सवर खेळायचा होता, एवढेच मूळ कारण! डायरेक्टएक्सच्या मागण्यांचे ‘व्हल्कन’ या, अनेक कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या आणि जाहीर केलेल्या, चित्रभाषेत ते रूपांतर करी. व्हॉल्व्हने त्याला हाताशी धरले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन व डीएक्सव्हीके एकत्र करून ‘प्रोटॉन’ आणले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळण्याचे लिनक्स-यंत्र विक्रीला आले. या वेळी विंडोजचे हजारो खेळ त्यावर चालत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्याच पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा लहान दिसतो, पण खेळांचा आणि लिनक्सचा संबंध नाही असे आता कोणी म्हणणार नाही.

मग ताबा मिळाला का?

अर्धाच मिळाला, असे म्हणावे लागेल. वाइन, प्रोटॉन, लिनक्स यांची संहिता खुली आहे. पण स्टीम हे दालन बंदच आहे आणि त्यातले बहुतेक खेळही. आपण खेळ विकत घेतो असे म्हणतो, प्रत्यक्षात तो वापरण्याची परवानगी घेतो. यूबीसॉफ्ट कंपनीचा २०१४ सालचा ‘द क्रू’ हा खेळ कंपनीच्या संगणकाशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते संगणक बंद केले आणि पैसे मोजलेल्यांचाही खेळ संपला. त्यावरून युरोपात मोठी मोहीम उभी राहिली आणि तिला १० लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यावर बंधन आले की, परवानगीच देत असाल तर तसे स्पष्ट सांगा, नुसते ‘खरेदी करा’ म्हणू नका. काही स्पर्धात्मक खेळ फसवणूक रोखण्यासाठी कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरकाव मागतात आणि लिनक्सवर चालण्याचे साफ नाकारतात. म्हणजे वाद अजून चालूच आहे.

हा वाद फक्त खेळणाऱ्यांचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नेहमीचा आधार थांबला. विंडोज-११ साठी लागणारी सुरक्षा-चकती आणि नवा प्रक्रियक नसलेले पुष्कळ संगणक त्यामुळे अधिकृतपणे मागे पडले. त्यात शाळांचेही संगणक आहेत. यंत्र धडधाकट आहे, पण ते किती वर्षे वापरायचे हे ठरवणार दुसराच. अशा संगणकावर लिनक्स घालून तो पुढे वापरता येतो. केरळ राज्याने शाळांतून बरीच वर्षे मुक्त कार्यप्रणालीच वापरली आहे आणि हजारो शिक्षकांना ती शिकवली आहे. तिथली मुले तिच्यावर भूमितीही शिकतात आणि शैक्षणिक खेळही खेळतात.

वर्गात एक गोष्ट करून पाहता येईल. पायथॉन भाषेतील सापाचा एखादा छोटा खुला खेळ मिळवा. मुलांना तो आधी खेळू द्या. मग संहिता उघडून वेगाचा आकडा कोणता ते शोधायला सांगा. आकडा बदलल्यावर काय होते? भिंतीवर आपटलेला साप मरण्याऐवजी पलीकडून बाहेर यावा, असे कसे करता येईल? खेळणारे मूल इथे सॅमसन आणि एडवर्ड्स यांच्या रांगेत येऊन बसते. मग त्याच मुलांना त्यांच्या मोबाइलवरच्या आवडत्या खेळाबद्दल हेच प्रश्न विचारा. यातले काय बदलता येईल? कंपनी बंद पडली तर तो चालेल का? उत्तरे त्यांची त्यांना सापडतील.

आणि आमच्या तबकडीचे काय झाले? गेल्या वर्षी नववीतल्या एका विद्यार्थ्याने कपाटातून ती काढली आणि जुन्या संगणकावर लिनक्स व वाइन घालून चालवून पाहिली. आवाज काही आला नाही. पण समांतर रेषांमधून होडी निघाली आणि भोवती उभी असलेली मुले ‘डावीकडे, डावीकडे’ म्हणून ओरडू लागली. या वेळी मात्र माझ्या कपाळाला आठ्या पडल्या नाहीत.